पुलाखालचा संगम

ब्लॅकफ्रायर्स स्टेशनच्या बाहेर एका तरुणाला मी विचारलं, "फ्लीट नदी थेम्सला कुठे मिळते?" त्यानं माझ्याकडे जरा निरखून पाहिलं आणि मोठ्या अदबीनं मला फ्लीट स्ट्रीटला कसं जायचं ते समजावून सांगितलं. "रस्ता नव्हे, नदी," मी म्हटलं. "या नावाची नदीसुद्धा आहे?" असं म्हणून तो हसला आणि घाईघाईनं निघून गेला. आम्ही ज्या रस्त्याच्या कडेला उभे होतो, त्याच रस्त्याखालून ती नदी वाहत होती.

ही २०१४ सालची गोष्ट. मुलीकडे दोन महिने मुक्काम होता. लंडनला गेलेला मराठी माणूस जे जे पाहतो, ते ते पहिल्या पंधरा दिवसांत पाहून झालं होतं. मग मी नदी शोधायला लागलो. त्याला कारण आहे. माझं लहानपण पुण्याच्या सोमवार पेठेत गेलं, नागझरीच्या शेजारी. दारूवाला पुलावरून जाताना नाक दाबायचं, एवढाच आमचा तिच्याशी संबंध. घरात सगळे तिला 'नाला' म्हणत. नाव माहीत होतं, पण त्यात 'झरी' आहे, म्हणजे कधीकाळी इथे झऱ्याचं पाणी असणार, हे कॉलेजात जाईपर्यंत माझ्या डोक्यात आलं नव्हतं. पुढे तीस वर्षं इतिहास शिकवला आणि एक प्रश्न मनात राहून गेला. झऱ्याचं गटार होतं ते नेमकं केव्हा? कुणाच्या सहीनं? फ्लीटच्या बाबतीत या प्रश्नाचं उत्तर देणारे सातशे वर्षांचे कागद आहेत, म्हणून मला तिच्या संगमावर जायचं होतं.

नदी तशी लहान. उगमापासून थेम्सपर्यंत सहा-साडेसहा किलोमीटर. उत्तर लंडनमध्ये हॅम्पस्टेड हीथ नावाचं मोठं माळरान आहे, तिथल्या टेकाडावर तिचे दोन उगम. एक हॅम्पस्टेडच्या अंगाला, दुसरा हायगेटच्या. शहराला पिण्याचं पाणी मिळावं म्हणून दोन्ही प्रवाह अडवून जुन्या काळी तळी केली. त्या तळ्यांत आजही माणसं पोहतात. हायगेटशी आपलंही नातं आहे. तिथल्या क्रॉमवेल अव्हेन्यूवर ६५ नंबरच्या घरात श्यामजी कृष्णवर्मांनी १९०५ साली 'इंडिया हाउस' उघडलं आणि १९०६ मध्ये सावरकर तिथे राहायला गेले. घरावर निळी पाटी आहे. मी ती पाटी वाचून तसाच तळ्यांपर्यंत चालत गेलो. पाणी नितळ नव्हतं, पण पाणी होतं, बदकं होती. फ्लीट नदी म्हणून डोळ्यांना दिसते ती एवढीच. तळ्यांच्या खाली ती जमिनीत जाते, आणि कॅमडेन, किंग्ज क्रॉस, क्लार्कनवेल, फॅरिंग्डन अशी रस्त्यांच्या पोटातून थेम्सकडे उतरते.

फ्लीट हे नाव मुळात नदीचं नाहीच. जुन्या इंग्रजीत 'फ्लेओत' म्हणजे भरतीचं पाणी आत शिरतं ती जागा. आपण जिला खाडी म्हणतो ती. थेम्सला भरती-ओहोटी आहे, आणि ती भरती या लहान नदीच्या तोंडात आतपर्यंत शिरत असे. त्या तोंडाचं नाव हळूहळू सबंध नदीला चिकटलं. वरच्या अंगाला तिला वेगळी नावं होती. खोलगटातून वाहणारा ओढा म्हणून 'होल-बोर्न', त्यावरून आजचा होबर्न भाग. गिरण्यांची चाकं फिरवते म्हणून 'टर्नमिल ब्रुक'. टर्नमिल स्ट्रीट अजूनही फॅरिंग्डन स्टेशनाच्या कुशीत आहे.

नदी दिसत नसली तरी पायांना कळते. सेंट पॉल्स कॅथेड्रलच्या पायऱ्यांवरून पश्चिमेला निघालात की लडगेट हिल हा उतार लागतो. उतार संपतो त्या चौकाचं नाव लडगेट सर्कस. रस्ता ओलांडला की लगेच चढ सुरू होतो, आणि तो चढ म्हणजे फ्लीट स्ट्रीट. चौकात उभं राहून दोन्हीकडे पाहिलं की लक्षात येतं, आपण दरीच्या तळाशी आहोत. लाल बसगाड्या ज्या सपाटीवरून उत्तर-दक्षिण जातात, ते नदीचं पात्र. आणि अलीकडच्या, पूर्वेकडच्या टेकडीवर रोमन लोकांचं लंडन होतं. पश्चिमेकडून येणाऱ्याला आधी ही नदी आडवी यायची आणि मग वेस.

त्या रोमन काळाचा एक पुरावा याच संगमाजवळ सापडला. १९६२ साली नदीकाठची नवी भिंत बांधताना ब्लॅकफ्रायर्सच्या दोन पुलांच्या मधल्या गाळात एक बुडालेलं जहाज लागलं. पीटर मार्सडेन या पुरातत्त्वज्ञानं ओहोटीच्या वेळा साधत त्याची नोंद केली. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातलं जहाज. पोटात केंट परगण्यातून आणलेला बांधकामाचा दगड तसाच भरलेला. डोलकाठी रोवण्यासाठी केलेल्या खाचेत एक नाणं ठेवलेलं होतं, सम्राट डोमिशियनच्या काळातलं, त्यावर हातात सुकाणू घेतलेली भाग्यदेवता फॉर्च्युना. आपल्याकडे पायाभरणीला नाणं ठेवतात तसंच. त्या देवतेनं काही त्या खलाशांना तारलं नाही, पण ते नाणं मात्र आपल्यापर्यंत पोचलं.

मध्ययुगात या काठावर मठ आले. काळा झगा घालणारे डॉमिनिकन संन्यासी पूर्व काठावर राहायला आले, तेच ब्लॅकफ्रायर्स. पांढरा झगा घालणारे कार्मेलाइट पश्चिमेला. १२९० साली या पांढऱ्या झग्यावाल्यांनी राजाकडे अर्ज केला की नदीच्या दुर्गंधीपुढे वेदीवरचा धूपसुद्धा फिका पडतो आणि आमचे अनेक बंधू त्यापायी मरण पावले. शेजारचे ब्लॅकफ्रायर्स आणि सॉल्झबरीचे बिशपही तक्रारीत सामील झाले. कातडी कमावणारे, खाटीक, सगळे वरच्या अंगाला बसलेले, आणि घाण वाहत यायची ती खालच्यांच्या दारात.

१३०७ मध्ये लिंकनचा अर्ल हेन्री डी लेसी यानं पार्लमेंटात गाऱ्हाणं मांडलं. पूर्वी म्हणे एका वेळी दहा-बारा जहाजं माल घेऊन फ्लीट पुलापर्यंत येत, काही तर होबर्न पुलापर्यंत. आता कातडी कमावणाऱ्यांच्या घाणीनं आणि टेम्पलर सरदारांनी आपल्या गिरण्यांसाठी पाणी वळवल्यानं वाट बुजली. सरकारनं गिरण्या हलवल्या, नदी साफ केली. म्हणजे कार्यवाही झाली! पण पात्र पहिल्यासारखं खोल आणि रुंद झालं नाही.

इथे मला जॉन स्टो या माणसाबद्दल सांगितलंच पाहिजे. हा पेशानं शिंपी. लंडनच्या गल्ल्या पायी तुडवत, जुने दप्तर चाळत त्यानं १५९८ साली शहराचा एक थोर वृत्तांत छापला. १३०७ च्या त्या साफसफाईची हकीकत सांगून झाल्यावर तो एक वाक्य जाता जाता लिहून जातो. त्याचा आशय असा की, तेव्हापासून तिचं नदी हे नाव सुटलं आणि लोक तिला ओढा म्हणू लागले. मी हे वाक्य वाचलं तेव्हा पुस्तक मिटून थोडा वेळ बसलो. मला हवी असलेली तारीख ही होती. घाण तर त्याच्या आधीपासून होती. पण लोकांनी नाव बदललं, त्यानंतर तिच्याकडून असलेली अपेक्षा बदलली. नदी घाण झाली तर राजाकडे तक्रार जाते. ओढ्याबद्दल कोण तक्रार करणार?

पुढचे कागद त्याच सुरातले आहेत. १३४३ साली शहराच्या महापौरांनी सेंट निकोलस बाजारातल्या खाटकांना फ्लीटच्या काठी जागाच नेमून दिली, जनावरांची आतडी धुवायला. भाडं काय, तर दर नाताळला महापौरांना एक रानडुकराचं मुंडकं! नगरपालिका आणि प्रदूषण यांच्यातला इतका चविष्ट करार माझ्या तरी वाचनात दुसरा नाही. त्यानंतर १५८९ मध्ये हॅम्पस्टेडचे सगळे झरे एकत्र आणून ओढा धुऊन काढायची योजना झाली. वर्गणी गोळा झाली, खर्च झाली, आणि स्टो सांगतो की ओढा पूर्वीपेक्षा जास्त तुंबला. सतराव्या शतकात ओढ्याचंही अवमूल्यन झालं. लोक तिला 'फ्लीट डिच' म्हणू लागले. डिच म्हणजे चर, खंदक.

या चराच्या दोन काठांवर दोन प्रसिद्ध वास्तू होत्या. पश्चिमेला ब्राइडवेल. आठव्या हेन्रीनं हा राजवाडा हौसेनं बांधला. १५२२ मध्ये सम्राट पाचवा चार्ल्स लंडनला आला तेव्हा तो पलीकडच्या ब्लॅकफ्रायर्स मठात उतरला आणि त्याचे लोक ब्राइडवेलमध्ये, आणि दोन्हींना जोडायला नदीवरून बंद सज्जा बांधला होता. सम्राटाला वास येऊ नये म्हणूनही असेल, हा माझा तर्क. पुढे सहाव्या एडवर्डनं १५५३ साली हा राजवाडा शहराला देऊन टाकला आणि तिथे भिकारी, भटके, 'वाईट चालीच्या' बायका यांना डांबून काम करून घेणारं सुधारगृह झालं. इतकं की इंग्रजीत पुढे कुठल्याही कोठडीला 'ब्राइडवेल' म्हणू लागले.

पूर्वेच्या काठावर फ्लीट तुरुंग. ११९७ पासून १८४२ पर्यंत तो चालला. मधे तीनदा जळला: १३८१ च्या शेतकऱ्यांच्या बंडात, १६६६ च्या आगीत आणि १७८० च्या दंग्यात. प्रत्येक वेळी पुन्हा बांधला. इथे मुख्यतः कर्जबुडवे असत. तुरुंगाभोवतीच्या खंदकात नदीचं पाणी खेळवलेलं होतं आणि तो दहा फूट रुंद असायला हवा होता. १३५५ साली चौकशी झाली तेव्हा तो कातडी कमावणाऱ्यांच्या घाणीनं आणि वर बांधलेल्या शौचकूपांनी भरून गेलेला आढळला. कैद्याला खोलीचं, जेवणाचं, बेड्या सैल करण्याचंही भाडं भरावं लागे. जो कर्ज फेडू शकत नाही म्हणून आत आला, त्याच्याकडून भाडं! रस्त्याच्या बाजूला एक जाळीदार खिडकी होती, तिच्यामागे आळीपाळीनं एक कैदी उभा राहून येणाऱ्याजाणाऱ्यांकडे भीक मागायचा. तुरुंगाधिकाऱ्याचं पद विकत मिळत असे. थॉमस बॅम्ब्रिज नावाच्या इसमानं ते पाच हजार पौंडांना घेतलं आणि कैद्यांच्या छळातून वसूल केलं. १७२९ मध्ये पार्लमेंटच्या समितीनं त्याची उलटतपासणी केली. होगार्थनं त्या प्रसंगाचं चित्र काढलं आहे. मठातल्या लोकांनी वासाबद्दल अर्ज केले, अर्लनं गाऱ्हाणं मांडलं. या खिडकीमागच्या माणसांना नाक नव्हतं असं नाही, पण त्यांचा अर्ज कोण घेणार होतं?

१६६६ च्या सप्टेंबरात लंडन जळलं. आग पूर्वेकडून आली. निदान फ्लीटच्या चरापाशी ती थांबेल अशी आशा होती. ४ सप्टेंबरला आगीनं तो चर सहज ओलांडला आणि ब्राइडवेल पेटलं. पण या राखेतून नदीला एक संधी मिळाली. ख्रिस्तोफर रेन आणि रॉबर्ट हुक या दोन अफलातून माणसांनी १६७० च्या दशकात फ्लीटचा कालवा केला. थेम्सपासून होबर्न पुलापर्यंत साधारण चाळीस फूट रुंद, दोन्ही बाजूंना दगडी धक्के, धक्क्यांखाली कोठारं, वर व्हेनिसच्या धर्तीचे कमानदार पूल. पन्नास हजार पौंडांच्या वर खर्च झाला. आणि तो फसला. जकातीचं उत्पन्न आलं नाही, गाळ मात्र येत राहिला, लोकांनी धक्क्यांवर गाड्या उभ्या केल्या, कोठारं ओस पडली. १७१० साली जोनाथन स्विफ्टनं पावसात वाहणाऱ्या इथल्या घाणीवर कविता लिहिली. अलेक्झांडर पोपनं १७२८ मध्ये आपल्या उपहासकाव्यातल्या भिकार लेखकांना बुडी मारायला लावली ती याच चराच्या तोंडाशी. कवींनी टिंगल सुरू केली की नगरपित्यांना जाग येते, पण ती कशी येईल ते सांगता येत नाही. १७३३ मध्ये त्यांनी कालव्यावर विटांची कमान घालायला घेतली, आणि १७३७ साली झाकलेल्या भागावर भाजीबाजार भरवला. त्याचं नाव फ्लीट मार्केट. उरलेला थेम्सपर्यंतचा तुकडा १७६० च्या दशकात बुजला, कारण नव्या ब्लॅकफ्रायर्स पुलाकडे जायला रस्ता हवा होता. तोच आजचा न्यू ब्रिज स्ट्रीट, जिथे तो तरुण आणि मी उभे होतो.

झाकल्यावर तिचं पाचवं नाव पडलं: फ्लीट सूअर. नदी, ओढा, चर, कालवा, गटार. आणि यातला प्रत्येक निर्णय त्या त्या वेळी शहाणपणाचा होता. उघड्या गटाराशेजारी राहणाऱ्याला ते झाकून हवं असणार, यात काय चूक?

गाडलेल्या नदीनं एकदा मोठा दणका दिला. जगातली पहिली भुयारी रेल्वे, मेट्रोपॉलिटन, किंग्ज क्रॉसपासून फॅरिंग्डनपर्यंत फ्लीटच्याच दरीतून खणली जात होती. १८६२ च्या जूनमध्ये फ्लीटचं गटार फुटलं आणि पाणी खोदकामात शिरलं. बोगद्यात दहा दहा फूट पाणी चढलं. सहा महिन्यांनी, १० जानेवारी १८६३ ला, रेल्वे सुरू झालीच. मग जोसेफ बॅझलजेट या इंजिनियरनं थेम्सला समांतर मोठी गटारं टाकली आणि लंडनभरचं मैलापाणी वाटेतच पकडून पूर्वेला दूर नेलं. १८७० साली त्यांच्या डोक्यावर व्हिक्टोरिया एम्बँकमेंट हा देखणा रस्ता झाला. तेव्हापासून फ्लीटचं रोजचं पाणी थेम्सला मिळतच नाही. ते आडव्या गटारात पडतं. जोराचा पाऊस झाला आणि ते गटार भरून वाहिलं, तरच जुन्या तोंडातून लोंढा बाहेर येई.

फ्लीट ऐकू येते अशी एक जागा क्लार्कनवेलमध्ये आहे. रे स्ट्रीटवर एका जुन्या मद्यगृहासमोर रस्त्यात लोखंडी जाळी आहे. मी तिच्यावर वाकून उभा राहिलो. खालून पाण्याचा आवाज येत होता, स्पष्ट, भरभर. आपल्याकडे घाटात दरडीआडून ऐकू येतो तसा. या भाषणात ऐकवावा म्हणून मी तो टेपही केला. घरी येऊन लावला तर मालमोटारींच्या घरघरीखेरीज काही नाही, आणि शेवटी मुलीचा आवाज: "बाबा, रस्त्यातून बाजूला व्हा."

मग एका संध्याकाळी ओहोटीची वेळ पाहून मी ब्लॅकफ्रायर्स पुलाखाली गेलो. हा पूल १८६९ सालचा. शेजारी रेल्वेचा पूल, त्याच्या आधीच्या पुलाचे लाल खांब नुसतेच पाण्यात उभे. कठड्यावरून ओणवं होऊन पाहिलं. नदीकाठच्या भिंतीत खाली एक काळं तोंड होतं. त्यातून त्या दिवशी थेंबही येत नव्हता. तोंडासमोर ओला दगडगोटा, विटांचे तुकडे, थोडं शेवाळ.

आपल्याकडे दोन नद्या मिळाल्या की त्याला संगम म्हणतात. एखादं देऊळ असतं, घाट असतो, कुणीतरी अस्थी घेऊन आलेलं असतं. या संगमावर पाटीसुद्धा मला दिसली नाही. दोन मुली कठड्याला टेकून सँडविच खात होत्या. मी खाली काय पाहतोय म्हणून त्यांनीही वाकून पाहिलं आणि पुन्हा खायला लागल्या.

त्यानंतर तिथे बरंच घडलं. थेम्सच्या पोटातून पंचवीस किलोमीटर लांबीचा, सात मीटरहून जास्त व्यासाचा बोगदा खणला गेला. पावसात भरून वाहणारी बरीच जुनी गटारं आता त्याला जोडली आहेत. शेवटचा जोड २०२५ च्या फेब्रुवारीत झाला. फ्लीटचं तोंडही त्यात आलं. त्यासाठी ब्लॅकफ्रायर्सपाशी नदीत भराव घालून नवा काठ बांधला, आणि त्याला नाव दिलं बॅझलजेटचं. थेम्समधल्या माशांसाठी हे फार चांगलं झालं, यात शंका नाही. आता मुसळधार पावसातही फ्लीट थेम्सला क्वचितच मिळेल.

त्या संध्याकाळी मी तासभर थांबलो. भरती लागली. पाणी आधी दगडगोट्यावर आलं, मग त्या तोंडाच्या उंबऱ्याला लागलं, आणि थेम्सच उलटी आत शिरायला लागली. फ्लेओत. थोड्या वेळानं तोंड पाण्याखाली गेलं, आणि भिंत सगळीकडे सारखी दिसू लागली.